शेजारचा सायरन रात्री बोंबलतो, वायर कापू का?

पत्र असं आलंय (थोडं छोटं केलंय):

"ताई, आम्ही कर्वेनगरला चौदा रो हाउसच्या सोसायटीत राहतो. शेजारचे काका-काकू एप्रिलमध्ये लेकीकडे न्यू जर्सीला गेले, दिवाळीपर्यंत येणार नाहीत. जायच्या आधी त्यांनी चोरांसाठीचा अलार्म बसवून घेतला आणि त्याचा सायरन बाहेरच्या भिंतीवर, बरोब्बर आमच्या बेडरूमच्या खिडकीसमोर. पाऊस सुरू झाल्यापासून आठवड्यातून दोन-तीनदा रात्री अडीचच्या सुमाराला वाजतो, थांबतो, परत वाजतो, कधी कधी तासभर हेच चालू. सासऱ्यांना बीपी आहे, ते दचकून उठतात आणि मग सकाळपर्यंत झोप नाही. पहिल्यांदा अख्खी सोसायटी टॉर्च घेऊन बाहेर आली होती, आता कुणी खिडकीही उघडत नाही. सेक्रेटरी म्हणतात खासगी प्रॉपर्टी आहे, आपण काय करणार. ११२ ला फोन केला, पोलीस आले, गेट आणि कुलूप शाबूत आहे बघितलं आणि गेले. आता मुलगा म्हणतो शिडी लावतो आणि वायरच कापून टाकतो. कापू दे का? याला काही नियम-बियम आहे की नाही? आणि डिसेंबरात आम्हीही पंधरा दिवस बाहेर जाणार आहोत तर आम्ही अलार्म बसवावा का, की हे बघून नादच सोडावा? — झोपमोड झालेली एक"

पहिलं काम, मुलाला शिडीवरून खाली बोलवा. दुसऱ्याच्या भिंतीवर चढून त्याची वस्तू तोडणं कायद्यात बसत नाही हे तर झालंच, पण उद्या खरंच त्या घरातून काही गेलं तर पोलिसांचा पहिला प्रश्न असणार की अलार्मची वायर कुणी कापली आणि अख्खी सोसायटी तुमच्या दाराकडे बघणार. शिवाय गंमत अशी की वायर कापून तो बंद होईलच असंही नाही. बाहेर लावायचे जे बरे सायरन असतात त्यांच्या डब्यात स्वतःची छोटी बॅटरी असते, डबा उघडला किंवा पॅनेलकडून (घरातला अलार्मचा मुख्य कंट्रोल डबा) येणारी वायर तुटली की तो समजतो चोराने हात घातला आणि स्वतःच्या बॅटरीवर कोकलायला लागतो, तेच तर त्याचं काम आहे. म्हणजे मुलगा शिडीच्या वरच्या पायरीवर, हातात पक्कड, आणि कानापासून वीतभर अंतरावर ११० डेसिबलचा भोंगा. नकोच ते.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात कामाचं वाटलेलं वाक्य म्हणजे "वाजतो, थांबतो, परत वाजतो". हे तुम्ही वैतागून लिहिलंय पण दुरुस्ती करणाऱ्याला यातच अर्धं उत्तर मिळतं. सायरन किती वेळ वाजून आपोआप थांबायचं याची वेळ पॅनेलमध्ये टाकता येते. तुमच्याकडचा थांबतोय म्हणजे ती वेळ टाकलेली आहे, सायरनचा डबा बिघडलेला नाही, घरातलं काहीतरी त्याला पुन्हा पुन्हा चाळवतंय. तो जर एकदा सुरू होऊन न थांबता तास-तास वाजत असता तर मी म्हटलं असतं की बाहेरच्या डब्यात पाणी शिरलंय किंवा वेळच टाकलेली नाही. आणि काकूंनी निघताना घरातला मेन स्विच बंद केला असेल अशीही शंका तुम्हाला येईल (आपल्याकडे गावाला जाताना गॅस आणि मेन स्विच बंद केल्याशिवाय रिक्षात कुणी बसत नाही), पण तसं असतं तर पॅनेलची बॅटरी दोन-चार दिवसांत बसली असती आणि तुम्ही मे महिन्यापासून शांत झोपला असता. तेव्हा घरात लाइट आहे, पॅनेल जिवंत आहे, आणि एखादा सेन्सर चुकीचं काहीतरी बघतोय.

हॉलच्या कोपऱ्यात वर मुठीएवढा पांढरा डबा असतो, पुढे दुधी रंगाचं गोलसर प्लास्टिकचं भिंग, तो मोशन सेन्सर. तो आपल्यासारखं बघत नाही, तो उष्णता बघतो. खोलीचे त्याने मनातल्या मनात पट्टे पाडलेले असतात आणि भोवतालापेक्षा गरम किंवा गार काही एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकलं की त्याच्या मते माणूस आला. आता पावसाळ्यात बंद घरात काय होतं बघा, किडे आत येतात, किड्यांमागे पाली येतात, आणि पाल भिंतीवरून त्या डब्यावर चढून भिंगावरूनच चालत गेली की ती लांबवर चालणाऱ्या माणसाएवढी मोठी दिसते त्याला. भिंगासमोर कोळ्याने जाळं विणलं आणि ते पंख्याशिवायच्या वाऱ्यावर हललं तरी तेच. काही डब्यांवर हालचाल दिसली की लाल दिवा लुकलुकतो, रात्री त्याच्यावर किडे येतात, किड्यांवर पाल येते, आणि पालीमुळे दिवा परत लुकलुकतो, हे असं चक्र सकाळपर्यंत. तो दिवा सेटिंगमध्ये बंद करता येतो पण बसवणारा पोरगा दाखवायला म्हणून चालू ठेवतो आणि तसाच निघून जातो.

दुसरा संशयित म्हणजे दरवाजा. दाराच्या चौकटीवर एक पट्टी आणि दारावर चुंबक, दोघं जवळ असले की पॅनेलच्या मते दार बंद. एप्रिलच्या कोरड्या उन्हात सागवानी दाराला चुंबक बरोबर बसवला, जुलैत लाकूड फुगलं, फट वाढली, आता नुसता वाऱ्याचा धक्का दाराला बसला तरी संपर्क तुटतो. गच्चीचं दार असेल तर बघायलाच नको, ते सगळ्यात जास्त हलतं आणि ते कधीच नीट बसलेलं नसतं. तिसरा म्हणजे वीज. पावसात लाइट जाते, दहा मिनिटांनी येते, परत जाते, त्या धक्क्यांनी स्वस्तातली पॅनेल गडबडतात, आणि आतली बॅटरी (बहुतेक १२ व्होल्ट ७ एएच ची, स्कूटरच्या बॅटरीसारखी दिसते) नवीन म्हणून जुनी टेकवली असेल तर लाइट गेल्या गेल्या व्होल्टेज पडतं आणि गोंधळ सुरू. दिवसा वाजत असता तर मी कबुतरांवर किंवा थेट उन्हावर संशय घेतला असता, पण रात्री अडीचला कबुतरं झोपलेली असतात.

म्हणून एक वही करा, किंवा फोनमध्येच लिहा. कधी वाजला, किती मिनिटं, तेव्हा पाऊस होता का, वारा होता का, लाइट गेली होती का. लाइट जाण्या-येण्याशी वेळ जुळली तर बॅटरी नाहीतर पॅनेल, वाऱ्याशी जुळली तर दार, कशाशीच जुळली नाही तर नव्वद टक्के पालच (हे माझं मत, शास्त्र नव्हे). सोबत प्रत्येक वेळी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, खिडकीतून, आवाजासकट. हीच वही पुढे काकांना, सोसायटीला आणि लागलंच तर पोलिसांना दाखवायची आहे, नुसतं "सारखं वाजतं हो" याला कुणी उत्तर देत नाही.

पण मला विचाराल तर पाल हा खरा प्रश्नच नाही. पाल काय, कुठल्याही अलार्ममध्ये येणार. खरा प्रश्न हा की तो वाजला तर दार उघडून आत जाऊन बंद करणारा माणूस सात समुद्रापलीकडे आहे आणि इथे चावी कुणाकडेच नाही. काकांनी सायरन विकत घेतला, बसवला, सुरू केला आणि त्याला पोरकं सोडून विमानात बसले. सायरन लावायचा तर तो बंद करायला पाच-दहा मिनिटांत पोचेल असा माणूस नेमायचा, त्याच्याकडे किल्ली द्यायची, त्याला कोड सांगायचा, एवढं जमत नसेल तर बाहेर सायरन लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. घराच्या आत लावा, फोनवर कळवणारा लावा, पण शेजाऱ्याच्या खिडकीसमोर भोंगा नको.

आता तुमचा नियमांचा प्रश्न. बर्गलर अलार्मचं नाव घेऊन, तो किती वेळ वाजावा, परवाना लागेल का, खोटा वाजला तर दंड किती, असं सांगणारा वेगळा नियम आपल्याकडे नाही. घरात अलार्म बसवायला महापालिकेला विचारावं लागत नाही, पोलिसांकडे नोंदही करावी लागत नाही. पण म्हणून रान मोकळं आहे असंही नाही. आवाजाचे केंद्राचे नियम २००० सालचे आहेत, त्यात राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. खासगी जागेतल्या आवाज करणाऱ्या उपकरणाचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त जाता कामा नये असंही त्यात आहे. म्हणजे रात्री ५० झाले. आणि सायरनचं गणित असं, एक मीटरवर ११० असेल तर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ कमी होतात, तुमची खिडकी आठ मीटरवर धरली तर ९० च्या वर. खिडक्या बंद करून वीस-पंचवीस कमी केले तरी सासऱ्यांच्या उशाशी ६५-७० उरतातच. खरी चोरी होत असताना पाच मिनिटं वाजला तर त्यावर कुणी नियम काढून बसणार नाही आणि बसूही नये, पण पालीसाठी तासभर, आठवड्यातून तीनदा, हा सरळ सरळ उपद्रव आहे.

या नियमांखाली तक्रार पोलिसांकडे करता येते, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात ते अधिकार पोलिसांकडेच आहेत. शिवाय सार्वजनिक उपद्रवाचं कलम नव्या न्याय संहितेतही आहे, त्यात १००० रुपयांपर्यंत दंड आहे, म्हणजे न्यू जर्सीच्या हिशोबात दोघांचं जेवणही नाही, पण कागदावर नाव येणं हे आपल्या लोकांना दंडापेक्षा जास्त झोंबतं. तरी मी तुम्हाला सांगेन की तिथपर्यंत एवढ्यात जाऊ नका. रात्री आलेल्या पोलिसांनी तुमच्यासाठी काय करायला हवं होतं सांगा, कुलूप फोडून दुसऱ्याच्या घरात शिरायचं? चोरीची खूण नसताना ते तसं करणार नाहीत आणि करूही नये. त्यांचीही एक गाडी तेवढा वेळ तुमच्या गल्लीत अडकते आणि तेव्हा कुठेतरी खरा कॉल वाट बघत असतो.

बाहेर हा प्रश्न फार आधी चिघळला म्हणून तिकडे काय केलं ते सांगते, कारण त्यातलं थोडं आपण सोसायटीच्या पातळीवर उचलू शकतो. अमेरिकेत पोलिसांकडे येणाऱ्या बर्गलर अलार्मच्या कॉलपैकी ९० टक्क्यांहून जास्त खोटे निघतात आणि त्यातले बरेचसे तर घरच्याच माणसांच्या चुकीने, कोड विसरला, आजी सकाळी उठून हॉलमध्ये आली, असले. म्हणून तिथल्या कितीतरी गावांनी स्थानिक नियम केले, अलार्मची नोंद करा, वर्षातले पहिले काही खोटे कॉल माफ, पुढच्या प्रत्येकाला वाढता दंड. काही ठिकाणी अलार्म कंपनीने पोलिसांना फोन करायच्या आधी घरच्यांच्या किमान दोन नंबरांवर फोन करून खात्री करायची असा नियम आहे. सॉल्ट लेक सिटीने तर २००० साली ठरवलं की नुसता अलार्म वाजला म्हणून पोलीस जाणार नाहीत, आधी कंपनीचा खासगी गार्ड जाऊन बघेल, खरंच काही दिसलं तर पोलीस. (माणसाने स्वतः दाबलेलं पॅनिक बटण यात येत नाही, त्याला पोलीस धावतातच.) त्यामुळे काकांच्या जावयाला हे सगळं नवीन नसणार, त्यालाही मेसेजमध्ये घ्या.

इंग्लंडचं मला जास्त आवडतं. तिथल्या २००५ च्या कायद्याने स्थानिक कौन्सिलला एखादा भाग ठरवून असा नियम लावता येतो की अलार्म असलेल्या प्रत्येकाने एक किल्लीवाला माणूस नेमायचा आणि त्याचं नाव-पत्ता कौन्सिलला द्यायचा. तो माणूस जवळपास राहणारा हवा, त्याच्याकडे किल्ली हवी, अलार्म गप कसा करायचा हे त्याला माहीत हवं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याने स्वतः या कामाला हो म्हटलेलं हवं. आणि अलार्म सलग २० मिनिटांहून जास्त किंवा अधूनमधून तासाभराहून जास्त वाजला आणि किल्लीवाला सापडला नाही तर कौन्सिलचा अधिकारी आत जाऊन तो बंद करू शकतो, दार फोडायचं असेल तर मात्र कोर्टाचं वॉरंट लागतं. "अधूनमधून तासाभर" हे वाचलं तेव्हा मला वाटलं हे कुणीतरी कर्वेनगरला राहूनच लिहिलंय.

तर तुमच्या सोसायटीला लंडनची वाट बघायची गरज नाही. सेक्रेटरी "खासगी प्रॉपर्टी" म्हणतात ते किल्लीपुरतं खरं आहे, आवाजापुरतं नाही. मॉडेल उपविधींमध्ये (सोसायटीच्या नियमांचा सरकारी नमुना) स्पष्ट आहे की कुठल्याही सभासदाने बाकीच्यांना त्रास होईल असं आपल्या घरात करू नये आणि तशी लेखी तक्रार आली तर कमिटीने ती बघायची असते. तेव्हा तोंडी सांगणं बंद करा, अर्ज लिहा, वहीची झेरॉक्स जोडा, पोच घ्या. पोच मागितली की सेक्रेटरींचा सूर बदलतो हा सार्वत्रिक अनुभव आहे. आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायचीच असते, त्या सभेत विषय टाका की ज्यांच्याकडे बाहेर सायरन आहे त्यांनी तो पाच मिनिटांत आपोआप थांबेल असा लावायचा, परदेशी किंवा गावाला जाताना चावीवाल्याचं नाव आणि नंबर कमिटीला द्यायचा, आणि एकाच रात्रीत तीनदा वाजला तर तो दुरुस्त होईपर्यंत सायरन बंद ठेवायचा. ठराव झाला की मग तो काका-काकूंविरुद्ध राहत नाही, सगळ्यांसाठी होतो, आणि उद्या तुम्ही बसवलात तर तुम्हालाही लागू. किल्ली वॉचमनकडे ठेवू नका हं, तो दोन महिन्यांनी बदलतो आणि मग कुणाकडे काय दिलंय याचा पत्ता नाही.

पण ठरावाला सप्टेंबर उजाडेल आणि तुम्हाला आज झोपायचंय. म्हणून आधी सरळ काकांनाच गाठा. इथे रात्रीचे अडीच असतात तेव्हा तिकडे आदल्या संध्याकाळचे पाच, म्हणजे ते टक्क जागे असतात, चहा पीत असतील. तुम्ही आजवर त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज टाकत आला असाल तर तो त्यांना त्यांच्या रात्री मिळतो आणि "उद्या बघू" होतं. पुढच्या वेळी वाजला की त्याच क्षणी व्हिडिओ कॉल लावा, फोन खिडकीबाहेर धरा, एक अक्षर बोलू नका. दोन मिनिटं त्यांना ऐकू दे. मग सकाळी शांतपणे मेसेज, भांडण नाही, काहीसा असा:

"काका नमस्कार, काल रात्री तुमचा अलार्म २.२० ते ३.१५ मध्ये पाच वेळा वाजला, व्हिडिओ पाठवलाय. घर नीट आहे, कुलूप शाबूत आहे, काळजी करू नका. अण्णांना बीपीमुळे त्रास होतोय म्हणून दोन गोष्टी हव्या होत्या. एक, तुमच्या अ‍ॅपवरून बाहेरचा सायरन तूर्त बंद करता आला तर आजच करा, बाकी अलार्म चालू राहू दे. दोन, तुमच्या भावाकडे किंवा विश्वासातल्या कुणाकडे किल्ली असेल तर बसवणाऱ्या माणसाला घेऊन एकदा येऊ दे, आम्ही सोबत थांबू. ताईला आणि लहानग्याला आशीर्वाद."

यात मागण्यांच्या आधी घर नीट असल्याची ओळ आहे ती मुद्दाम. लांब बसलेल्या माणसाला तुमच्या झोपेच्या आधी स्वतःचं घर दिसतं, ती भीती आधी काढली की तो ऐकतो. आणि तुम्ही अलार्म काढा म्हणत नाही आहात, फक्त भोंगा गप करा म्हणताय, ह्याला नाही म्हणणं अवघड आहे. आजकालच्या बऱ्याच पॅनेलना अ‍ॅप असतं आणि त्यातून सायरन किंवा तो एकटा सेन्सर बाजूला काढता येतो, भाषा "बायपास" अशी असते. अ‍ॅप चालत नसेल तर दोन शक्यता, घरातलं वायफाय लाइट गेल्यावर बंद पडून परत उठलं नाही, किंवा पॅनेलमधल्या सिमचा रिचार्ज संपला. हे दुसरं इतकं होतं की विचारू नका, तीन महिन्यांचा रिचार्ज टाकून लोक सहा महिने जातात, सिम मेलं की अलार्म मालकाला कळवत नाही, फक्त शेजाऱ्यांना कळवतो.

किल्ली तुम्ही घ्या असं काका म्हणाले तर घ्यायची का? घ्या, पण अटींवर. बंद पाकिटात, पाकिटावर तारीख आणि दोघांची सही, आणि आत जायची वेळ आली तर एकटं नाही जायचं, कमिटीतलं कुणीतरी सोबत आणि काका व्हिडिओ कॉलवर. कोड त्यांचा मुख्य कोड नको, बहुतेक पॅनेलमध्ये वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळे कोड देता येतात, तुमच्यासाठी वेगळा टाकायला सांगा, ते परत आले की पुसून टाकतील. आत गेल्यावर तुम्हाला करायचंय ते फार नाही, कोड टाकून अलार्म बंद करायचा, सेन्सरचे भिंग कोरड्या मऊ फडक्याने पुसायचे, आजूबाजूची जाळी काढायची, गच्चीचं दार हलवून बघायचं. किड्यांच्या खडूच्या लक्ष्मणरेषा नकोत पण सेन्सरभोवती भिंतीला किड्यांचं औषध मारून ठेवलं तर बरं, भिंगावर मात्र फवारायचं नाही. बाकी संवेदनशीलता कमी करणं, सेन्सरची जागा बदलणं, दुहेरी तंत्राचा सेन्सर लावणं (तो उष्णता आणि मायक्रोवेव्ह दोन्हीने खात्री झाल्याशिवाय बोंब मारत नाही, पालीला चांगला उतारा) हे बसवणाऱ्याचं काम आहे, त्यालाच करू दे.

मधेच एक गोष्ट, कारण पत्र वाचून काही लोक भलतीकडे जातील. हे सगळं चोरांच्या अलार्मबद्दल आहे. आगीचा अलार्म वेगळा. बाणेर-बालेवाडीच्या टॉवरमध्ये कुणाच्या धुपाने किंवा फोडणीने स्मोक डिटेक्टर वाजतो, वैतागून पॅनेलच गप करून ठेवतात, ते अजिबात करायचं नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निशमन कायद्यानुसार वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यावा लागतो, आणि तो खोटा अलार्म त्रास देत असेल तर डिटेक्टर साफ करून, जागा बदलून घ्यायचा, बंद नाही.

आता तुमचं. डिसेंबरात पंधरा दिवस जाताय, अलार्म बसवावा का? बसवा, मला काही वाटत नाही त्यात, पण आधी गच्चीच्या दाराला बरी कडी, मागच्या खिडकीला ग्रिल, दूध-पेपर बंद, आणि रोज संध्याकाळी दिवा लागेल असा टायमर, हे आधी. या गोष्टी कधी खोट्या वाजत नाहीत. त्यानंतरही बसवायचा असेल तर भोंगा घराच्या आत, जिन्यात लावा, आत शिरलेल्याला तिथे थांबू देणार नाही इतका तो तिथेही वाजतो, आणि शेजारी सुखी. सायरन तीन ते पाच मिनिटांत थांबेल असा, एकच सेन्सर पुन्हा पुन्हा वाजला तर तो आपोआप बाजूला पडेल अशी सोय असेल तर ती चालू करून. दार उघडल्यापासून कोड टाकायला तीस-चाळीस सेकंद मिळतील असं बघा, सासऱ्यांना चष्मा शोधून आकडे दाबायचेत. सेन्सर खिडकीकडे तोंड करून नको, एसीच्या झोतात नको, पडद्यासमोर नको, देवघरासमोर तर नकोच. आणि बसवून लगेच दुसऱ्या दिवशी प्रवासाला निघू नका, घरात असतानाच आठ-दहा रात्री चालू ठेवून बघा, एक दिवस मेन स्विच पाडून बॅटरीवर किती तास टिकतो तेही बघा, मुलाला वरून खालून चालायला लावून प्रत्येक सेन्सर खरंच पकडतो का ते बघा.

बसवणारे पहिल्या दिवशी फार गोड बोलतात आणि पैसे मिळाल्यावर "साहेब साइटवर आहे" सुरू होतं. म्हणून शेवटचे पैसे त्या आठ-दहा रात्री झाल्यावर द्यायचे, आधीच ठरवून, बिलावर लिहून घ्यायचं. तोवर तो फोन पहिल्या रिंगला उचलतो.